तिजानीचा घसा

मुफिदानं आयुष्यात कधी झुरका ओढला नव्हता. सिगारेटचा नाही, आणि ती स्वतः बनवत असे त्या वेपच्या, म्हणजे विजेवरच्या सिगारेटच्या, द्रावाचाही नाही. त्यामुळे द्राव जमलाय की बिघडलाय, हे तिला नेहमी दुसऱ्याच्या घशाला विचारावं लागे.

नाबल गावच्या शाळेत एकतीस वर्षं तिनं रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळली होती. ती निवृत्त झाली त्याच वर्षी तिचा भाऊ लमीन सिगारेट सोडायला निघाला. दुकानातल्या बाटल्यांत काय भरलेलं असतं देव जाणे, म्हणून तिनंच ओट्याच्या एका कोपऱ्यात मिश्रण करायला घेतलं. ग्लिसरीन, ग्लायकॉल, मोजून निकोटीन, वासाचे चार थेंब. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा. पुढं लमीन मुलाकडे कॅनडाला गेला. काटा मागं राहिला, आणि लमीनचे पाच-सहा दोस्त राहिले. ते रिकामी बाटली पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवत आणि दोन दिवसांनी भरलेली काढून नेत. दार वाजवायचं कुणाला कारणच पडत नसे.

तिजानीनं मात्र मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी दार वाजवलं.

"लल्ला मुफिदा, माफ करा. तुमची बाटली घशाला चावते."

तो टपाल कचेरीतून निवृत्त झालेला, चौसष्टीचा विधुर. गावात बाईला आदरानं 'लल्ला' म्हणत, पुरुषाला 'सी'. मालूफ, म्हणजे तिकडचं जुन्या घाटाचं गाणं, गाणाऱ्या गावातल्या मंडळात तो कोरसला बसायचा. मुफिदानं त्याला आत घेतलं आणि दार सताड उघडं ठेवलं. एकट्या बाईच्या घरी परका पुरुष बसला की दार उघडं असायचं, आणि समोरच्या घरातली दूजा वाटाण्याची परात घेऊन आपल्या उंबऱ्यावर यायची. ती आलीच.

"चावते म्हणजे काय?" मुफिदानं वही उघडली. "जळतं, की कोरडं पडतं, की खवखवतं?"

"त्यात काय फरक?"

"पुष्कळ. जळलं तर निकोटीन जास्त. कोरडं पडलं तर ग्लायकॉल जास्त. करपट लागलं तर यंत्रातली कॉइल गेली. आत ओढताना होतं की नंतर?"

"दोन्ही वेळा."

"सकाळी जास्त, की संध्याकाळी?"

"आमचा डॉक्टर इतकं विचारत नाही हो. मी तोंड उघडायच्या आत त्याचा कागद लिहून झालेला असतो."

"मग तुम्ही चुकीच्या डॉक्टरकडे जाता. सकाळी, की संध्याकाळी?"

तो हसला आणि खुर्चीत नीट मागं टेकून बसला. लमीन गेल्यापासून त्या खुर्चीत कुणी मागं टेकून बसलं नव्हतं. मुफिदानं कॉफी केली आणि गावाच्या रिवाजाप्रमाणे तिच्यात नारिंगाच्या फुलांच्या पाण्याचे तीन थेंब टाकले. तिजानीनं टपालखात्याच्या गोष्टी सांगितल्या. एका म्हातारीला तो सहा वर्षं तिच्या मुलाची पत्रं वाचून दाखवायचा. मुलगा लिहायचा थांबला, तरी म्हातारी जुनीच पाकिटं घेऊन कचेरीत यायची.

"मग तुम्ही काय केलंत?"

"वाचली. तिला पाठ होती. मी एखादा शब्द गाळला की टोकायची."

जाताना मुफिदानं त्याला नवी कॉइल बसवून दिली. "बाकी काही बदलत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कशात होता ते कळत नाही. पुढच्या मंगळवारी बाटली घेऊन या."

"आणि घसाही आणू ना?"

"घसा आधी."

तो गेल्यावर दूजानं परातीतून मान वर केली. "दोन कप कॉफी झाली गं. घसा सोन्याचा आहे का त्याचा?"

"गाणारा माणूस आहे."

"गावात सगळेच गातात. बसून कोण ऐकतं, तो प्रश्न."

पुढच्या सोमवारी मुफिदा बाजारातून बदामाची बिस्किटं घेऊन आली. आपण ती का घेतली हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

मंगळवारी तो आला. घसा तसाच होता, किंबहुना जास्त बिघडला होता. बोलता बोलता तो मधेच थांबून आवंढा गिळत होता. मुफिदानं बाटली काट्यावर ठेवली. आठवड्यात दहा-बारा ग्रॅम संपायला हवे होते. साडेचारच कमी झाले होते.

"कमी ओढलंत का?"

"छे. रोजच्याएवढंच."

तिनं बाटली उजेडात धरली. द्राव तिनं दिला तेव्हा पाण्यासारखा स्वच्छ होता. आता त्यात ढग होता, भाताच्या पेजेत असतो तसा, आणि वर काचेला लागून तेलकट कडं धरलं होतं. तिनं झाकण काढून वास घेतला. नारिंगाची फुलं. तिनं कॉफीत घातलं होतं ते साधं पाणी नव्हे. हे पहिल्या धारेचं होतं, बाटलीच्या गळ्याशी तेल तरंगतं तिथलं.

तिला सगळं एका क्षणात कळलं. त्याची बहीण झोहरा दर वसंतात घरी नारिंगाच्या फुलांचा अर्क काढते, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. घसा बसला की या गावात फुलांचं पाणी, पोट दुखलं की फुलांचं पाणी, मूल दचकलं की तेच, मयताच्या घरी तेच. हा माणूस घसा शांत व्हावा म्हणून तेलाचे थेंब वेपमध्ये घालत होता. घसा आणखी जळला की आणखी घालत होता, म्हणूनच बाटली हलकी झाली नव्हती. तेल पोटात गेलं तर पचतं. तापून वाफेबरोबर छातीत गेलं तर चिकटून बसतं.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य तिच्या तोंडात तयारही होतं.

तिजानीनं बिस्किट कॉफीत बुडवलं. "बरं झालं घसा बिघडला," तो म्हणाला. "नाहीतर मंगळवारी दुपारी मी काय करायचो माहितीये? भिंतीवरचं घड्याळ मागं पडतंय की पुढं, ते हातातल्या घड्याळाशी ताडून बघायचो."

"मग? मागं पडतं?"

"आठवड्याला एक मिनिट. तेवढ्यासाठी अख्खी दुपार." त्यानं तिच्या वहीकडे बघितलं. "तर आता काय बदलायचं, लल्ला मुफिदा?"

"निकोटीन," ती म्हणाली. "अर्धं करू या."

स्वतःचाच आवाज तिला नेहमीसारखा ऐकू आला, आणि याचंच तिला नंतर नवल वाटलं. तिनं ढगाळ बाटली ठेवून घेतली आणि नवी भरून दिली. नव्या बाटलीत तो कदाचित तेल घालणारही नाही, असं तिनं मनाशी म्हटलं. वहीत 'निकोटीन सहावरून तीन' असं लिहिलं. बाटलीच्या ढगाबद्दल काहीच लिहिलं नाही. एकतीस वर्षांत तिनं दिसलेली गोष्ट लिहायची राहू दिली, असं कधी झालं नव्हतं.

बुधवार, गुरुवार ती घरात कामाला काम काढत राहिली. ती बाटली तिनं आधी खिडकीत ठेवली, मग कपाटात, मग मोरीत ओतून विसळून टाकली. शुक्रवारी दूजा अंगणातून वाकून म्हणाली, "तुझ्या मंगळवारला काल तालमीतून घरी धाडलं म्हणे."

"कुणी?"

"मंडळाच्या म्होरक्यानं, शेखनं. खोकून खोकून सगळ्यांचा सूर घालवला. महिनाअखेरीला कार्यक्रम आहे ना सांस्कृतिक भवनात. शेख म्हणाला, सी तिजानी, या वेळी तुम्ही समोर बसून ऐका. बावीस वर्षांत पहिल्यांदा." दूजानं मुफिदाच्या तोंडाकडे बघितलं. "तुझ्या औषधानं काही होईना वाटतं."

मुफिदा आत गेली. मंगळवार चार दिवसांवर होता. चार दिवस थांबलं तर तो येईल, बसेल, बिस्किट खाईल. तिनं पायांत चपला घातल्या, मग काढल्या. कुणा पुरुषाच्या घरी ती एकटी कधी गेली नव्हती. शनिवारी सकाळी ती गेली.

तिजानी आणि झोहराच्या सामाईक अंगणात पांढऱ्या चादरीवर फुलांचा ढीग होता आणि तांब्याचं भांडं चुलीवर चढलं होतं. झोहरा स्टुलावर बसून नळीखालच्या बाटलीत धार पडताना बघत होती. तिजानी एका कडेला देठ खुडत होता. मुफिदाला बघून तो उठला. बोलला तेव्हा आवाज फाटक्या पत्र्यासारखा निघाला.

"लल्ला मुफिदा? आज?"

"सी तिजानी, बाटलीत तुम्ही फुलांचं तेल घालता."

झोहरानं मान वळवली. "काय घालतो?"

"थेंबभर," तिजानी म्हणाला. "घशाला बरं म्हणून. आईसुद्धा..."

"आई चमच्यानं पाजायची, मूर्खा. पेटवून ओढायची नाही." झोहरा मुफिदाकडे वळली. "मला म्हणतो, बाटलीच्या गळ्याशी तरंगतं ते माझ्यासाठी ठेव. मला वाटलं कॉफीत घालतो. एवढ्या तेलाला किती फुलं लागतात माहितीये का याला? मी इथं कंबर मोडते आणि हा त्याचा धूर करतो."

"त्यानंच घसा जळतोय," मुफिदा म्हणाली. "ते छातीत जाता कामा नये. आजपासून यंत्र बंद. माझी बाटलीसुद्धा बंद. आजच छातीच्या डॉक्टरकडे जा आणि त्याला तेलाचं स्पष्ट सांगा, लाजू नका. कोमट पाणी प्या. बोलू नका. कार्यक्रमाला अडीच आठवडे आहेत. घसा सुटू शकतो."

"म्हणजे निकोटीन नव्हतं."

"नाही."

"कॉइलही नाही." तो हसला आणि त्याला खोकला आला. तो थांबल्यावर कौतुकानं म्हणाला, "पण तुम्ही शोधलंतच. कसं कळलं?"

'आता कळलं' असं म्हणता आलं असतं. धार पडत होती. झोहरानं भरत आलेली बाटली काढून दुसरी लावली.

"बाटलीत ढग होता," मुफिदा म्हणाली. "वासही होता. मंगळवारीच कळलं."

"कुठल्या मंगळवारी?"

"याच. तुम्ही समोर बसला होतात तेव्हा."

तिजानीनं मनात दिवस मोजले असावेत, कारण तो म्हणाला, "आज शनिवार."

"हो."

"गुरुवारी मला तालमीतून उठवलं."

"ऐकलं मी."

"का नाही सांगितलंत?"

तिच्याकडे उत्तर होतं, पण झोहरा स्टुलावर बसून दोघांकडे बघत होती. आणि झोहरा नसती तरी ते उत्तर तिला देता आलं असतं असं नाही. "चूक झाली," एवढंच ती म्हणाली. तिजानीनं मान हलवली, टपाल कचेरीत अपुऱ्या पत्त्याचं पाकीट परत करताना हलवत असेल तशी. मग तो खाली बसून देठ खुडू लागला.

"कॉफी तरी घे," झोहरा म्हणाली.

"नको. ओट्यावर काम पडलंय."

मंगळवारी तो आला नाही. त्यानंतरच्याही नाही. दूजानं वाटाणे घरात सोलले. छातीच्या डॉक्टरनं औषध दिलं, दोन आठवडे तोंड बंद ठेवायला सांगितलं, आणि 'वेळेत आलात हे नशीब' असं बजावलं. आणि शेखनं त्याला मागच्या ओळीत परत घेतलं. हे सगळं मुफिदाला दूजाकडूनच कळलं.

कार्यक्रमाच्या दिवशी ती बायकांच्या बाजूला शेवटच्या रांगेत बसली. बारा पुरुष पांढरे झगे आणि लाल टोप्या घालून दोन ओळींत बसले होते. तिजानी मागच्या ओळीत डावीकडून तिसरा. तो बारीक झाला होता, पण ताठ बसला होता. मालूफमध्ये कोरस एका आवाजात गातो. कुणी वर जात नाही, कुणी मागं राहत नाही. त्या बाराजणांतून त्याचा आवाज वेगळा काढायचा तिनं पुष्कळ प्रयत्न केला. त्याचे ओठ हलताना दिसत, पण आवाज सगळ्यांचा येई. मग तिनं तो नाद सोडला आणि फक्त डावीकडून तिसऱ्या जागेवर कान लावून ठेवला.

मध्यंतरात लोक पुदिन्याच्या चहाकडे उठले. तिजानी पाण्याचा पेला घेऊन जिन्यावर उभा होता. त्यानं तिला बघितलं. छातीवर हात ठेवून त्यानं मान लववली, जशी तो ओळखीच्या कुणालाही लववत होता, आणि शेजारच्या माणसाचं बोलणं पुढं ऐकू लागला. ती परत जागेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूजानं अंगणातून विचारलं, "गेली होतीस म्हणे. कसं झालं गाणं?"



"कुणी खोकलं नाही," मुफिदा म्हणाली.