तपासणीला फिमचं रक्त

डॉक्टरीणबाईंनी विषाणूच्या पाठीवर बसवून माझ्या जन्मापासून आजारी रक्तात चांगलं जनुक सोडलं, तेव्हा अख्ख्या गावानं माझ्या मनगटाला आशीर्वादाचे पांढरे दोरे बांधले. वर्षभरात जनुक गप्प पडलं आणि मला पुन्हा धाप लागायला लागली. कुठल्या तोंडानं सांगणार? तपासणीला गावच्या दवाखान्यात मी धाकट्या बहिणीला, फिमला, माझ्या नावानं बसवायचे.

आज खोन केनच्या मोठ्या इस्पितळात, आजारी चिमुरड्याला मांडीवर घेतलेल्या एका आईसमोर, बाई हसून म्हणाल्या, "शाळा सोडलीस, पण या परीक्षेत पहिली आलीस, दाओ! आता हेच औषध या चिमुरड्याला देणार."

"नका देऊ!" मी ओरडले. "ते रक्त फिमचं होतं!"

बाईंनी औषध बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "थांबू या. आधी जनुकाभोवती कुंपण घालावं लागेल, म्हणजे ते गप्प पडणार नाही."

चिमुरड्याच्या आईनं, वयानं एवढ्या मोठ्या बाईनं, मला हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.