सातांतले तीन

"सात," भोंग्यातून पंचांचा आवाज आला. "यंदा स्पर्धेच्या प्रत्येक बादलीच्या रेतीत सोन्याचे सात कण टाकले होते."

एवाझिओ आजोबांच्या काचेच्या नळीत तीन होते.

"तीन," आई माझ्या शेजारी हळूच म्हणाली. ती पुढे काही बोलायच्या आत मी दोरीखालून वाकून आजोबांपाशी पोचले. आता काय होणार ते मला ठाऊक होतं, आणि मी ते होऊ देणार नव्हते.

पैज अशी होती. माझे आजोबा एकोणचाळीस वर्षं बिएल्ला शहरातल्या लोकरीच्या गिरणीत, रंगखात्यात. दोन राखाडी तागे शेजारी ठेवले, तर कालचा कुठला नि आजचा कुठला हे खिडकीशी न नेता सांगायचे. रविवारी मात्र गिरणी नाही, चर्च नाही. एल्वो नदी, गुडघाभर गारठलेलं पाणी आणि रेती धुवून सोनं शोधायची लाकडी परात. पन्नास वर्षांचं सोनं औषधाच्या बाटलीत तळाशी जेमतेम दिसतं. ते विकावं असं घरात कुणाच्या मनातही आलं नाही. पण या एप्रिलमध्ये असा माणूस एका पायात निळा आणि एका पायात तपकिरी मोजा घालून जेवायला बसला. डॉक्टरांनी सांगितलं, नजरेच्या मधोमध डाग आहे, वाढत जाणार. आई म्हणाली, एकट्याने नदीवर जाणं बंद.

"स्पर्धेत पाच कण काढले, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही," आजोबा म्हणाले.

"आणि नाही निघाले तर?" आईने विचारलं.

"तर तू म्हणशील तसं."

आणि मी काय केलं? गुरुवारी मला त्यांची परात फार कोरडी वाटली. स्वयंपाकघरातून अक्रोडाचं तेल आणलं नि तासभर चोळत बसले. काय चमकायला लागली म्हणता! आज मुलींच्या गटाची रांग लागली, तेव्हा पंचबाईंनी आम्हाला साबणाने हात धुवायला लावले. "तेलकटपणा असला ना पोरींनो, की बारीक सोनं बुडत नाही. तरंगत निघून जातं." पलीकडे आजोबांच्या गटाची सुरुवातीची शिट्टी तेव्हा वाजून गेली होती. मी रांग सोडून दोरीपाशी पळाले. लांबून आजोबांची फक्त पाठ दिसत होती.

"आई, हे धरायचं नाही," मागोमाग आत आलेल्या आईला मी एका दमात सांगितलं. "आजोबांची काही चूक नाही. परातीला मी तेल लावलं होतं. भरपूर. सोनं वाहून गेलं."

आई म्हणाली, "तेल? इलेनिया, परातीला तेल?"

"चमकवायला."

"ही पोरगी एक दिवस नदीलाच पॉलिश करेल," शेजारच्या हौदात रेती धुणारे ओत्तावियोकाका म्हणाले. ते आजोबांचे गिरणीपासूनचे सोबती. मग आईकडे वळून म्हणाले, "पण खरंय, निवेस. तेल असल्यावर देवालाही सात सापडायचे नाहीत. पुढच्या वर्षी बघू."

आईचे खांदे सैल पडले. खरं सांगते, तिला जिंकायचं नव्हतंच. "बरं," ती म्हणाली. "मग पुढच्या वर्षी."

मी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान डोलावली असती तरी झालं असतं.

त्यांनी हात पुसले, एकेक बोट.

"ओत्तावियो, पुरे. परात तुझी होती."

"अरे एवाझिओ..."

"तेलाचा वास मला घरीच आला होता, निवेस. नाक शाबूत आहे. याच्याकडची जादा, कोरडी परात मागून घेतली. रेतीही नीट धुतली गेली. कण समोरच असणार." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मला दिसले नाहीत, बाळा."

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तू इतकं मनापासून चोळलं होतंस."

आई पुढे झाली. तिने त्यांच्या शर्टाच्या ओल्या बाह्या एकेक घडी करून वर दुमडून दिल्या, आणि त्यांनी दोन्ही हात पुढे धरून दुमडू दिल्या.

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर नदीवर गेले. एकट्याने जायचं नाही, एवढंच ठरलं होतं. ते मोठ्या धोंड्यामागे उतरले, रेती भरली आणि पाण्यात फिरवू लागले. खडे गेले, वाळू गेली. नुसत्या हातांनी त्यांना कळत होतं की आता किती उरलंय. काळ्या रेतीची बोटभर रेघ राहिली, तेव्हा ते थांबले. परात माझ्यापुढे धरली आणि स्वतः पलीकडच्या काठाकडे बघत उभे राहिले. पाणी त्यांच्या गुडघ्यांवर आपटत होतं. मी कण मोजेपर्यंत परात जराही हलली नाही.