चांदीच्या शेपटीचे केस

काकूंचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूध तापत ठेवलं तरी भांड्यासमोर ठाण मांडून बसत, जणू ते पायांनी पळून जाणार होतं. त्यामुळे डेअरीकडून तपासणीवाली पोरगी आली आणि तिनं चांदी गाईच्या शेपटीचे केस मागितले, तेव्हा काकूंच्या कपाळाला आठी पडलीच.

"काय करणार गं केसांचं? गंगावन?"

"केसाच्या मुळावरून कळतं काकू, गाईत कुठल्या जातीचा किती वाटा आहे ते. मग पुढचं रेतन कुठल्या वळूचं करायचं, हे ठरवता येतं."

चांदीचं मागचं वासरू पहिल्याच उन्हाळ्यात धापा टाकत गेलं होतं. परदेशी रक्त जास्त झालं, असं काकूंना वाटे. रेतनवाला म्हणे, कमीच पडलं. पुढचं वासरू जगायचं तर खरं कळायला हवं. पण ही पोरगी खरंच सांगेल कशावरून?

"चांदी लाथाळ आहे. आण ते पाकीट, मीच उपटते," म्हणत काकू मागे गेल्या आणि कुंपणापलीकडच्या थोरल्या जाऊबाईंच्या गाईचे केस भरून आल्या. त्या गाईचा खरा बाप कोण, हे जगात एकट्या काकूंना ठाऊक होतं. बघू या, यंत्राला कळतं का!

यंत्राला कळलं. निकाल आला, गाय निम्म्याहून जास्त गावठी. काकूंनी मनातल्या मनात पोरीची पाठ थोपटली. पण आता चांदीची तपासणी कुठल्या तोंडानं मागायची?

त्या विचारात असतानाच चांदी माजावर आली आणि काकांनी परस्पर रेतनवाल्याला बोलावलं. निकाल वाचून तो खुलला. "म्हटलं नव्हतं? गावठी रक्तच फार. अस्सल परदेशी वळूच्या रेताची कांडी भरू." जाऊबाईही बघायला कुंपणाशी आल्या.

चांदी सकाळच्या सावलीतसुद्धा जीभ काढून धापा टाकत होती. वासरूही असंच करायचं.

"थांब रे," काकू म्हणाल्या. "ते केस हिचे नाहीत. ताईंच्या गाईचे आहेत."

"माझ्या गाईचे?" जाऊबाई कडाडल्या. "चोरटी कुठली! आणि गावठी कुणाला म्हणतेस? तिच्या बापाची कांडी विमानानं आली होती!"

"कांडी आली असेल विमानानं, ताई. बाप कुंपणावरून आला. तुम्ही माहेरी होतात. मी बघितलं."

काका खोकले. रेतनवाल्यानं कांड्यांच्या डब्याचं झाकण लावलं. हा माज वाया गेला तर गेला.

पोरगी पुन्हा आली तेव्हा जाऊबाई आधीच गोठ्यात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "केस ही पोरगीच उपटेल. या बयेचा काही भरवसा नाही."

चांदीनं लाथ मारली नाही. पाकीट चिकटवून झालं, तशी काकूंनी मान पुढे काढली.

"दाखव बरं. चांदीचंच नाव लिहिलंस ना?"