चुडामणचा बुटका घोडा

पार्वताबाईने गव्हाणीत कडबा टाकला अन् घोड्याने तिचा हातच धरला. कोपराखाली. दात रुतले ते रुतलेच. तिची किंकाळी आमच्या अख्ख्या गल्लीने ऐकली. शेजारचा इसाक कुंपणावरून उडी टाकून आला. त्याच्या घरी आजोबापासून वरातीच्या घोड्या.

"वहिनी, हात ओढू नका! मास निंघी जाई!"

त्याने घोड्याचा वरचा ओठ मुठीत धरून असा पिळला की जबडा सुटला. हातातून रक्ताची धार लागली. घोडा तरी केवढा? उभ्या माणसाच्या कमरेएवढा. तिचा नवरा चुडामण याने डिसेंबरात सारंगखेड्याच्या बाजारातून तुफान नावाचा हा घोडा अन् चिमी नावाची तशीच बुटकी घोडी आणली होती. बंगलेवाले असली शिंगरं हौसेने घेतात, हे त्याने ऐकलं होतं. जनावर मात्र जन्मात पाळलेलं नव्हतं, बैल सोडले तर.

"चुडामणभाऊ, याले खच्ची करी टाक," इसाक म्हणाला. "आनि घोडी अजून पोर शे. दीड वरीसनी भी नही. तिनाजोडे याले सोडू नको."

"बियासाठे लयेल घोडा शे हाऊ! याले खच्ची करू, मंग मी काय बांगड्या भरू?"

"वरातमा एक तं घोडी, नही तं खच्ची घोडा. बिनखच्ची मी दारशी बांधत नही."

"तू तुनं दार सांभाळ," असं म्हणून चुडामणने पऱ्हाटीच्या वाळक्या काड्यांचा जुडगा घेतला अन् घोड्याला फोडून काढला. घोडा लाथा झाडत राहिला. पार्वताबाईच्या हाताला अकरा टाके पडले.

फाल्गुनात शिरपूरचा एकजण शिंगराची चौकशी करून गेला. त्याची पाठ वळली अन् चुडामणने आपल्या हाताने तुफानचा दोर सोडला. चिमी गोठ्याच्या कोपऱ्यात थरथरत उभी राहिली. पार्वताबाईने पाहिलं अन् ती घरात गेली.

पुढच्या माघात, उजाडता उजाडता, चिमी आडवी झाली. दिवस तासभर वर आला तरी शिंगराचा एकच पाय बाहेर. इसाकने शिरपूरला फोन लावला. जनावरांच्या डॉक्टरीणबाई, मृणालीताई, मोटरसायकलवर आल्या. खांद्यापर्यंत हात घातला अन् त्यांचा चेहरा उतरला.

"डोकं मोठं आहे, मान मागे वळलीय. पिलू कधीच गेलंय. घोडीचं हाड तरी केवढंसं!"

मग दोर बांधून ओढणं सुरू झालं. चिमी ओरडेनाशी झाली, नुसती कण्हत होती. शेवटी शिंगरू निघालं ते मेलेलं, अन् त्याच्यामागे रक्त आलं. थांबेचना. खालची माती काळी चिकट झाली.

त्या रक्ताच्या वासाने तुफान पिसाळला. तोंडाची मोरखी तोडून आत आला अन् पडलेल्या चिमीच्या मानेत त्याने दात घातले. चुडामणने पहार उचलली. पहिला घाव बरगडीवर बसला. दुसरा डोक्यावर घालणार, तोच पार्वताबाईने पहार धरली. त्याने तिला ढकललं, ती गव्हाणीवर आदळली, ओठ फुटला, पण मूठ सुटली नाही.

"कसाले मारी ऱ्हायना त्याले?" तीस वर्षांत ती नवऱ्याला पहिल्यांदा एकेरी बोलली. "त्यानं काय चुकनं? दोर तू सोडा व्हता! चिमीले तू मारं!"

चुडामणच्या हातून पहार गळाली. इसाकने घोडा आवरला. दुपारच्या आत चिमी गेली. तिला अन् शिंगराला एकाच खड्ड्यात पुरलं. खड्डा चुडामणने एकट्याने खणला, कोणाला कुदळ लावू दिली नाही.

तुफानच्या बरगडीची जखम भरल्यावर चुडामणनेच मृणालीताईंना बोलावलं. सुई टोचली, घोडा लुळा पडला. मागचा पाय दोराने वर ओढून कोणीतरी धरायचा होता. इसाक पुढे झाला.

"मी धरस," चुडामण म्हणाला.

त्याने मान फिरवली नाही. पातं चाललं, रक्त मनगटापर्यंत आलं, दोन गोळे स्टीलच्या ताटलीत पडले. अर्ध्या तासाने तुफान लटपटत उभा राहिला.

"रोज दोन्ही वेळा चालवा, नाहीतर सूज धरेल," ताई म्हणाल्या. "अन् दीड महिना कुठल्याच घोडीजवळ नेऊ नका. अजून बी असतं अंगात."

दुसऱ्या दिवशी सकाळीच चुडामण घोडा घेऊन स्टँडवरून निघाला. चहाच्या टपरीवर आमच्या गल्लीतला रतिलाल बसला होता, चार माणसं सोबतीला.

"चुडामणभाऊ, काढी टाकं का त्यानं मर्दपन?"

सगळे खदखदले. चुडामण थांबला. आम्हाला वाटलं, आता हा रतिलालची गचांडी धरतो. त्याने घोड्याच्या मानेवरून हात फिरवला.

"काढी टाकं," तो म्हणाला. "वरीसभर पहिले काढाले पाहिजे व्हतं."

अन् पाय फाकून हळू चालणाऱ्या त्या घोड्याच्या चालीने तो नदीच्या रस्त्याला लागला.