इस्टूचा मसाला

कामठ्यात लग्न असो की तेरवी, बकरा कापायच्या आधी लोक रुख्माच्या दारी जात. "मसाला तुह्याच हातचा पायजे वो बाई," म्हणत. नवरा गेला तेव्हा तिच्याजवळ उरली होती धानाच्या शेताची एक बांधी, कपिली नावाची गाय, शामकला नावाची पोर आणि माहेरहून आलेला काळा पाटा. त्या पाट्यानंच तिला जगवलं. नुसत्या वासावर ती सांगायची, मिरे करपले की धने कच्चे राहिले. चाखून बघायची तिला कधी गरज पडली नाही.

तिच्या हाताची ख्याती बाजारातून फिरत फिरत गोंदियाच्या रेल्वे बंगल्यात पोचली. तिथं एक ड्रायव्हर साहेब राहायचा, अर्धा गोरा, अर्धा इथला. इंग्रज जाऊन वर्षही झालं नव्हतं, पण हे इथंच जन्मलेले, जाणार कुठं? त्याच्या बायकोला सगळे मेमसाब म्हणत. तिला इस्टूसाठी, त्यांच्या त्या विलायती रश्श्यासाठी, मसाला पाहिजे होता. विलायती डबा मिळेनासा झाला होता. "हल्दी नहीं, मिर्ची नाम को," असं तिनं बजावलं तेव्हा रुख्माला हसूच आलं. हळद नाही, मिरची नाही, मग ते जेवण की दुखणेकऱ्याची पेज?

पण हात तो हात. तिनं कांदा-लसणाचे काप छपरावर कडकडीत वाळवले. धने मंद आचेवर भाजले. काळे मिरे, तेजपान, लवंगा, जराशी मोहरी आणि चिमूटभर ओवा घेऊन सगळं पाट्यावर पिठासारखं वाटलं नि फडक्यातून गाळलं. मेमसाबनं डबा उघडून वास घेतला आणि तिचे डोळे भरून आले. "बिल्कुल मेरी माँ के घर का," ती म्हणाली. तेव्हापासून दर बाजाराला रुख्मा डबा घेऊन जाऊ लागली.

इस्टू कशाचा होतो हे रुख्माला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिनं विचारलं नाही आणि मेमसाबनं सांगितलं नाही. मागच्या ओसरीवर डबा द्यायचा नि उलट्या पावली परतायचं. त्या घरचं पाणीसुद्धा ती प्यायली नाही. आता सांगा, लोहार विळा करतो. त्या विळ्यानं कोण काय कापतो हे लोहारानं घरोघर बघत फिरायचं काय?

त्याच हिवाळ्यात शामकलाची सोयरीक अर्जुनी मोरगावच्या श्यामलालच्या पोराशी ठरली. पोरगा राबणारा, घर खाऊनपिऊन सुखी. सुपारी फुटली. शामकलानं पोरग्याला दाराआडून बघून घेतलं होतं आणि त्या दिवसापासून ती गोवऱ्या थापतानाही गुणगुणायची. रुख्माचा सगळा जीव आता त्या सोयरिकीत होता. पोर एकदा त्या घरी नांदू दे, मग माझं काय व्हायचं ते होवो, असं ती येताजाता म्हणायची.

शिवरात्रीला नागऱ्याच्या जत्रेत दोन्ही घरच्या बाया भेटल्या. पोरग्याची आई पुष्पाबाई होणाऱ्या सुनेसाठी बांगड्या बघत होती. तेवढ्यात जत्रेची गंमत बघायला आलेल्या मेमसाबनं रुख्माला पाहिलं आणि गर्दीतून धावत येऊन तिचे दोन्ही हात धरले.

"अरे रुख्मा! तुम्हारा मसाला तो कमाल है! बड़े के गोश्त में डाला, साहब ने बर्तन चाट लिया!"

बाईच्या मनात पाप नव्हतं. बिचारीला वाटलं, चारचौघात आपण हिचं कौतुक करतो आहोत. पण 'बड़े का' म्हणजे कशाचं, हे गोंदियाकडं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पुष्पाबाईनं हातातली बांगडी खाली ठेवली आणि ती निघून गेली.

झालं! जातीचे पंच बसले. केशोराव पाटील त्यातला मोठा.

"तुह्या पाट्यावरचा मसाला गाईच्या मासात पडला. आता तुले जातीत कसं ठेवावं?"

"त्या घरचं पानी बी तोंडाले नाई लावलं मी," रुख्मा म्हणाली. "मास तं डोयानं बी नाई पायलं."

"पाटा तं तुहाच होता नं?"

पंचांनी निकाल दिला. पाटा तळ्यात टाकायचा. बंगल्याची वाट सोडायची. आणि जातीला बकऱ्याचं जेवण द्यायचं. जात जेवली की रुख्मा सुटली. अर्जुनीहून श्यामलालचाही निरोप आला, "जातीनं घेतलं तं आम्ही बी जेवायले येऊ. सोयरीक कायले मोडाची?"

त्या निरोपानं रुख्माच्या जिवात जीव आला. "बकरे कोठून आनू, पाटीलजी?" तिनं केशोरावला विचारलं.

"गाय हाये नं दारी? आटली हाये, बांधून काय करतं? वीक."

तिनं पाटा डोक्यावर नेला आणि तळ्यात सोडला. आईनं वाटलेलं, आजीनं वाटलेलं सगळं बुडालं. दुसऱ्या दिवशी गुरांचा व्यापारी आला आणि कपिलीच्या गळ्यात दोरी बांधून तिला घेऊन गेला. आटलेली म्हातारी गाय व्यापारी कशाला नेतो? तिची आरती करायला? पंचांनी विचारलं नाही, गावानं विचारलं नाही. मसाल्याच्या चिमटीत ज्यांना अख्खी गाय दिसली, त्यांना डोळ्यांसमोरून चाललेली गाय काही दिसली नाही. शामकला वेशीपर्यंत तिच्या मागं गेली आणि डोळे पुसत परतली.

जेवणाच्या दिवशी पंचाईत झाली, मसाला कोणी करायचा? केशोरावनं आपल्याच घरचा पाटा काढून दिला. "बस, वाट. हात तं तुहाच पायजे. बेचव जेवन जातीले काऊन घालतं?" आणि रुख्मानं वाटला हो! हातात होतं नव्हतं ते सगळं तिनं त्या मसाल्यात घातलं. आज जेवण चांगलं झालं की पोरीचं भलं होईल, एवढंच तिच्या मनात होतं.

पंगती उठल्या. लोकांनी बोटं चाटली. केशोरावनं दोनदा रस्सा मागितला. श्यामलाल आणि पुष्पाबाई पोटभर जेवले. पुष्पाबाईनं तर हाडकंसुद्धा सोडली नाहीत. दाराआड शामकला नवं लुगडं नेसून उभी होती.

हात धुऊन श्यामलाल रुख्माजवळ आला. "ईहीनबाई, जेवन झकास झालं," तो म्हणाला. मग त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. "पन सोयरीक नाई जमत. लोक म्हनतीन, त्याच घरची पोरगी आनली. आमाले बी पोरी उजवाच्या हायेत."

रुख्मानं केशोरावकडं बघितलं. "पाटीलजी, तुमी तं बोलले होते! जात जेवली का मी सुटली!"

"आमी जातीत घेतलं," केशोराव काडीनं दात कोरत म्हणाला. "सोयरीक त्याइची मर्जी."

आणि सगळे गेले. उष्ट्या पत्रावळींवर कुत्री जमली. रुख्मा भिंतीला टेकून बसली. पाटा नाही, गाय नाही, बंगल्याचं काम नाही, आणि ज्याच्यासाठी हे सगळं सोडलं तेही नाही. मेल्यासारखी बसली बिचारी.

शामकलानं नवं लुगडं सोडून जुनं नेसलं. ओचा खोचला आणि रश्श्याचे मोठाले गंज घासायला घेतले. घासता घासता तिचा हात थांबला. कपिलीचा खुंटा तिच्या समोरच होता.

"माय," ती म्हणाली, "मेमसाबच्या मसाल्यातला जरासा उरला हाये का घरी?"

"काऊन वो?"

"त्या व्यापाऱ्याच्या हाती देऊन येतो. कपिली कोठंतरी शिजनच नं आता. मंग तिच्यात तरी आपल्या हातचा पडू दे."

रुख्मानं पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी तिचं रडणं सगळ्या आळीनं ऐकलं. कोणी दार उघडलं नाही. पोटं भरली होती, लोक झोपले होते.