सहा लाल दगड

वडधरीच्या तीन पोरींनी त्या उन्हाळ्यात एक खूळ डोक्यात घेतलं होतं. जिथं डबा उघडायचा, तिथं एक चित्र मागं ठेवून यायचं. या खुळाचं मूळ ग्रामपंचायतीत होतं. स्वच्छतेच्या स्पर्धेसाठी शाळा, चावडी आणि एसटीचा थांबा रंगवायचं ठरलं, राळेगावहून एक पेंटर आला, दोन दिवस त्यानं एप्रिलचं ऊन खाल्लं आणि डबे तसेच टाकून तो पसार झाला. उरलेल्या भिंती निशिगंधानं रंगवल्या. शाळेवरचा तिचा मोर बघायला शेजारच्या गावची माणसं सायकली मारत आली, तेव्हा सरपंचांनी खूश होऊन उरलेला रंग पोरींना देऊन टाकला.

निशिगंधा म्हणजे वामनरावांची लेक, राळेगावच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वामनरावांचा कापूस नि तूर गावात सगळ्यांत मोठ्या रानात उभी राहायची, त्यामुळं त्यांच्या लेकीनं हातात ब्रश घेतला तरी कोणी नाकं मुरडत नव्हतं. दुसरी ममता, वामनरावांकडं वर्षाच्या बोलीनं राबणाऱ्या सालदाराची, भीमराजची मुलगी. ती बोलायची कमी आणि चित्रातले चेहरे तिच्याइतके कोणाला जमत नसत. तिसरी उर्वशी, थांब्याजवळच्या टेलरची. तिला चित्र काढता यायचं नाही, पण डबे धरणं, ब्रश धुणं आणि दिवसभर तोंड चालू ठेवणं ही तिन्ही कामं ती मनापासून करायची.

सकाळी उन्हं तापायच्या आत निघायचं, टेंभरं नि चारं असली रानफळं वेचत रानातून हिंडायचं, सावली बघून भाकर-ठेचा खायचा. नाल्यावरच्या पुलाखाली त्यांनी खंड्या काढला होता, मोहाच्या टेकडीवरच्या खडकावर अस्वल. गावातली रिकामटेकडी माणसं त्या चित्रांच्या शोधात फिरू लागली. आज पोरींनी कुठं काय काढलं, हा पारावर बोलायचा विषय झाला. आदल्या साली कपाशीवर कीटकनाशक औषध फवारताना जिल्ह्यात माणसं मेली होती, वडधरीचेही तिघं दवाखान्यात पडून आले होते. गावाला दुसरं काहीतरी बोलायला हवंच होतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्या जुन्या विहिरीवर पोचल्या. जंगलाच्या हद्दीला लागून असलेली, कोणाच्याच मालकीची नसलेली विहीर. गावातल्या विहिरींनी तळ दाखवला होता, एक दिवसाआड टँकर यायचा, आणि इथं मात्र दोन पुरुष खाली पाणी चकाकत होतं.

"बाप्पा! एवढं पानी?" उर्वशी वाकून म्हणाली. तिनं खडा टाकला. कपारीतून एकही पारवा उडाला नाही. पाण्यात बेडूक नव्हता, मासोळी नव्हती. काठावर एक साळुंकी पाय वर करून पडली होती, वाळलेली.

"इथी औषधाचा वास येऊन राह्यला," ममता म्हणाली.

"तो वास आपल्या नाकातच बसला हाये व, मांगच्या सालापासून," निशिगंधा म्हणाली. तिला वाटलं ममताला बापाची आठवण आली. भीमराज त्या तिघांतलाच एक होता. जीव वाचला, पण डोळ्यांपुढं कायमचं धुकं बसलं.

मग उर्वशीला काठावरचे दगड दिसले. लाल फासलेले, एका ओळीत.

"आसरा हाये व ह्या!" तिनं चप्पल काढली, कान धरले. पाण्याच्या ठिकाणी राहणाऱ्या सात बाया, सात आसरा. विहिरीकाठी सात दगड दिसले की गावात कोणालाही हेच सुचतं. निशिगंधानं मोजले. सहा भरले.

"सातवी मातीत दबली असन," उर्वशीनं निकाल दिला. कोणी उकरून पाहिलं नाही.

ममताच्या घरी हे मानत नसत. तिनं तसं सांगितलंही, पण बाया काढायच्या म्हटल्यावर तिचा हात शिवशिवला. दिवसभर खपून दोघींनी विहिरीला लागलेल्या मोटेच्या भिंतीवर सात बाया उभ्या केल्या: एक निंदणारी, एक डोक्यावर कापसाचं गाठोडं घेतलेली, एक केस विंचरणारी. अशा आसरा कोणी पाहिल्या नव्हत्या. प्यायचं पाणी घरून आणलेलं पुरलं आणि विहिरीवर दोर-बादली नव्हती, म्हणून त्या दिवशी कोणाचं काही बिघडलं नाही.

ते लाल दगड कोणी फासले होते, हे निशिगंधाला पुढं कळलं. वाचणाऱ्यानं आत्ताच जाणून घेतलेलं बरं. आदल्या दिवाळीच्या सुमारास चौकशीचे साहेब गावोगाव फिरू लागले, तेव्हा वामनरावांच्या गुरांच्या कोठ्यात बिनपरवान्याच्या औषधाच्या बाटल्यांचे चार खोके होते. वामनरावांनी ते भीमराजकडून त्या विहिरीत टाकवले. नुकत्याच दवाखान्यातून आलेल्या, अर्धवट दिसणाऱ्या माणसाकडून. त्यानं तोंड बंद ठेवायचं कबूल केलं, पण राहवेना म्हणून पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग नेला आणि हाताला लागले तेवढे दगड माखले. लाल म्हणजे धोका, हे त्याला शाळेत शिकवलं होतं. त्याच्या घरात शेंदूर कधी आलाच नव्हता, तर लाल दगडापुढं लोक हात जोडतील हे त्याच्या डोक्यात कुठून यावं? आणि वामनरावांचं घर तर शेंदराचंच. पण त्यांनी तो रंग कधी पाहिला नव्हता, कारण तिकडं ते पुन्हा फिरकलेच नव्हते.

चित्राची बातमी दोन दिवसांत गावभर झाली. तिसऱ्या दिवशी तानाबाई, गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, काठी टेकत तिथवर जाऊन आली आणि पारावर बसून म्हणाली, "साऱ्या गावाच्या इहिरी आटल्या, तिथीच कसं पानी हाये? आसरा जाग्या झाल्या. सुक्करवारी दहीभाताचा निवद करा लागते." बिनवापराच्या विहिरीत पाणी टिकतं, एवढा साधा हिशेब कोणी केला नाही. टँकरच्या रांगेत भांडून बायांचा जीव मेटाकुटीला आला होता.

निशिगंधानं हे कौतुकानं जेवताना सांगितलं. वामनरावांचा घास हातातच राहिला.

"कोनती इहीर?"

"ते जंगलाजोळची, जुनी. आमीच तं चित्र काढलं, बाबा."

त्यांनी घास ताटात ठेवला. मग ताट सरकवून म्हणाले, "तिथीसा पाय ठेवायचा नाही. तू बी नाही न तुही माय बी नाही."

"काहून?"

"नाही म्हटलं ना!"

निशिगंधा रुसली. तिला वाटलं, ममतासोबत रानोमाळ हिंडते म्हणून बापाचं डोकं फिरलं. पण त्यानंतर वामनराव घरात नीट बसेनात. पहाटे उठून ओसरीवर येरझारा घालायचे, विहिरीकडं कोण गेलं-आलं हे आडून आडून विचारायचे. गुरुवारी तिच्या आईनं निवदाला तांदूळ काढले, तर त्यांनी ते हातातून घेऊन परत डब्यात ओतले. निशिगंधाला पहिल्यांदा भीती वाटली. कशाची, ते मात्र उमगेना.

शुक्रवारी सकाळी ममता बापाचा हात धरून ओसरीवर आली. निशिगंधा दाराआड थांबली.

"मालक, पोरगी काल रात्रीच्याला निवदाचं बोलली मले. तुमचे औषधाचे खोके टाकल्यावर म्याच ते गोटे लाल केलते, लोक जाऊ नाही म्हणून. आता बाया तिथलंच पानी घेऊन भात शिजवून राह्यल्या. तुमी सांगा. माहं कोनी ऐकनार नाही."

"हळू बोल." वामनराव दबक्या आवाजात म्हणाले. "सात महिने झाले. पान्यात काय राह्यते आता? आन् निवदच तं दाखवतात, थोडंसं तीर्थ घेतीन. पाहतो मी काहीतरी."

"कधी पाहता मालक? चूल पेटली असन."

"तू घरी जाय, भीमराज."

निशिगंधा दारातून बाहेर आली. तिनं बापाकडं पाहिलं. मायला का जाऊ दिलं नाही, तांदूळ का परत ओतले, सगळं एका दमात तिच्या ध्यानात आलं, आणि तिला त्या माणसाची किळस आली. तिनं सायकल काढली, ममताला मागं बसवलं आणि सुसाट सुटली. मागून वामनरावांची हाक आली, मग मोटारसायकलची किक.

विहिरीवर जत्रा भरली होती. सात बायांच्या चित्राला हळद-कुंकू वाहिलं होतं, हिरव्या बांगड्या टांगल्या होत्या. तीन दगडांच्या चुलीवर भाताचं पातेलं रटरटत होतं, शेजारी विहिरीतून काढलेल्या पाण्याची घागर भरून ठेवली होती. उर्वशी भिंतीला टेकून बसली होती, हातात ब्रश. पहाटेच येऊन तिनं उडालेल्या रंगावर हात फिरवला होता.

"पानी पेऊ नोका!" निशिगंधा सायकल टाकून धावली. "भात सांडा! जहर हाये पान्यात!"

तिचे केस सुटले होते, उन्हानं डोळे लाल झाले होते, अंग थरथर कापत होतं. बाया दचकून मागं सरल्या. तानाबाईनं हात जोडले.

"अंगात आलं व पोरीच्या!"

बस्स, मग काय विचारता. चार बायांनी तिला धरलं, एकीनं कपाळावर कुंकवाचा मळवट भरला, दुसरी पाया पडली. ती जितकी ओरडली तितका त्यांचा विश्वास घट्ट झाला. तानाबाई तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारत होती, "कोन माय तू? सातातली कोनती? काय चुकलं आमचं?"

"अंगात नाही आलं तिच्या!" ममता ओरडली. "माह्या बाबानंच औषधाचे खोके टाकले इथी! ते गोटे त्यायनंच रंगवले!"

"तू चूप राय व," एक बाई फणकारली. "तुमी मानत नाही, तुमाले काय समजते आसरातलं?"

मोटारसायकल येऊन थांबली. वामनराव उतरले तसं सगळ्यांनी वाट दिली. त्यांनी घाम पुसला आणि ठरवून आल्यासारखं बोलले, "पोरीले ऊन लागलं. घरी नेतो."

"न्या मालक," तानाबाई म्हणाली. तिनं घागरीतून लोटा भरला आणि दोन्ही हातांनी पुढं केला. "पन तिच्या अंगात आसरा हाये. पहिले तीर्थ घ्या, मंग पोरीले हात लावा."

वामनरावांनी लोटा घेतला. नाही म्हणायला कारणच नव्हतं. आयुष्यभर या गावात त्यांनी प्रत्येक तीर्थाला हात पुढं केला होता. सगळ्या बाया बघत होत्या. निशिगंधाला धरलेले हात सैल पडले. लोटा वर गेला, ओठांजवळ पोचला, आणि तिला कळून चुकलं: हा माणूस इज्जतीपायी पिऊन टाकेल. तिला त्याची घृणा वाटत होती आणि तो तिचा बाप होता.

"बाबा, नोको!" ती किंचाळली.

लोटा तिथंच थांबला. मग जरासा कलला, पाणी वामनरावांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्यांनी ते घाईघाईनं धोतराला पुसलं, दोनदा, तीनदा, घासून घासून. मग लोटा जमिनीवर ठेवला आणि कोणाकडं न बघता उभे राहिले.

एका बाईनं आपल्या लेकराच्या हातातली वाटी काढून घेतली. तानाबाईनं काठीनं पातेलं ढकललं, भात चुलीत सांडला आणि धूर झाला. निशिगंधानं सगळीकडं नजर फिरवली. कोणी खाल्लं नव्हतं, निवद दाखवायचा राहिला होता. तिच्या जिवात जीव आला.

"पन मी तं पेली," उर्वशी भिंतीपाशी म्हणाली. "सकाळीच, बायायनं घागर काढली तवा. लय तहान लागलती व. दोन लोटे."

ती हसायला गेली आणि तिच्या ओठांतून लाळेची तार लोंबली. तिनं ती पुसली, पुन्हा आली. हातातला ब्रश गळून पडला. निशिगंधा तिच्यापाशी पोचली तेव्हा उर्वशीच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. ममतानं हे आपल्या बापाच्या डोळ्यांत पाहिलं होतं. तिनं तोंडावर हात ठेवला.

दोघींनी मिळून तिला मोटारसायकलकडं ओढत नेलं. वामनरावांनी गाडी सुरू केली. निशिगंधा उर्वशीला मधे धरून मागं बसली आणि बापाच्या पाठीमागून ओरडली, "बाबा, कोनतं औषध होतं ते? डॉक्टर पहिले तेच इचारन. नाव सांगा!"

वामनरावांनी मान वळवली नाही. सगळं गाव ऐकत होतं.

"नाव नव्हतं," ते म्हणाले. "बाटल्यायवर काहीच लिहेल नव्हतं."