सोमवारी आबा खुर्चीत बसले

मित्रांनो, शिंदखेड्यातला कोणता माणूस आतून कसा आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर त्याच्या बायकोला विचारू नका, मला विचारा. मी चुडामणभाऊंच्या सलूनमधली जुनी फिरती खुर्ची. लोक आरशात तोंड पाहतात आणि पाठ माझ्याकडे देतात. तोंड खोटे बोलते, पाठ कधी खोटे बोलत नाही. कोण उधळ्या, कोण भित्रा, कोणाचे घरी भांडण झाले आहे, हे मला तो टेकताक्षणी कळते.

जळगावच्या एका फर्निचरवाल्याने मला घडवले. काय थाट होता माझा तेव्हा! लाल रेक्झिन, चकचकीत पाय, मान टेकायला गादी. पायाजवळचा खटका दाबला की मी वर जायचे, आणि गिरकी तर अशी घ्यायचे की पोरे हट्ट धरून पुन्हा फिरवायला लावायची. टेम्पोतून शिंदखेड्याला उतरले तेव्हा चुडामणभाऊ तरुण होते. त्यांनी माझ्यापुढे नारळ फोडला, मला हळदकुंकू वाहिले आणि मग पहिले गिऱ्हाईक बसवले. ते गिऱ्हाईक वजनदार होते. मी कुरकुर केली नाही. पहिल्याच दिवशी कुरकुरणे बरे दिसत नाही.

भाऊंचा हात फार हलका. वस्तरा मानेवरून फिरायचा आणि माणूस माझ्या कुशीत घोरायला लागायचा. कापसाचे शेतकरी, एसटीचे ड्रायव्हर, शाळामास्तर, नवरदेव, सगळे माझ्यावर बसून गेले. बारक्या पोरांसाठी माझ्या दोन्ही हातांवर एक आडवी फळी ठेवत. त्या फळीवर सगळ्यात जास्त कोण बसले असेल, तर भाऊंची मुलगी दिपमाला. तिचे केस कापायचे नसायचेच. शाळा सुटली की ती दुकानात यायची, मी मोकळी असले की फळीवर चढायची आणि शेजारच्या बाकावर बसलेल्यांच्या माना निरखायची.

इतर मुली फुले काढतात, ही वहीच्या मागच्या पानावर लोकांचे डाग काढायची! गोल कडे म्हणजे नायटा. बारीक ठिपके म्हणजे घामोळे. पांढरा ढग म्हणजे कोड. "आबा, ह्या नानांचा डाग पांढराच का?" असे ती त्या नानांच्या तोंडावर विचारायची आणि भाऊ तिला डोळे दाखवायचे. मला मात्र तिचे कौतुक वाटायचे. कारण इतरांना जे पाहून किळस यायची, ते ती वाकून, अगदी जवळून पाहायची.

पुढे ती डॉक्टर झाली. त्यानंतर धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात तिने एमडीसाठी त्वचारोग हाच विषय घेतला, तेव्हा नातेवाइकांची तोंडे वाकडी झाली. तिची मावशी तर माझ्यासमोरच म्हणाली, "एवढी शिकनी आनि दिनभर लोकेसनी खाज देखशी का व?" दिपमालाची आई बेबाबाई चहाची कपबशी खाली ठेवून म्हणाली, "देखी! कोनले तरी देखनी पडीच ना!"

आणि भाऊ? त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मानेला साबण लावता लावता आपल्या आंडेरचे, म्हणजे मुलीचे, कौतुक सांगायचे, "मना बी बठ्ठा धंदा चामडीनाच शे. आंडेर बापनाच रस्ताले लागनी." गिऱ्हाईक हसायचे, भाऊ हसायचे आणि मीही आनंदाने जरा जास्तच गोल फिरायचे.

आता मला एक गोष्ट सांगायला हवी, जी सांगताना माझे रेक्झिन आजही तापते. आरशाखालच्या खणात भाऊ एक ट्यूब ठेवत. मेडिकलच्या दुकानातून कोणालाही मिळणारी. दाढी झाल्यावर एखादा मान खाजवताना दिसला, की भाऊ बोटभर ट्यूब लावून देत. फुकट. मायेने. दोन दिवसांत खाज बंद! गावात बोलबाला झाला. "चुडामणभाऊनी ट्यूब" म्हणजे रामबाण. महिनाभराने तोच माणूस दुप्पट मोठा नायटा घेऊन परत यायचा, तेव्हा भाऊ म्हणायचे, "देख, ट्यूब सुटनी म्हनीसन वाढना." आणि पुन्हा लावायचे. मीही मान डोलवायचे. मित्रांनो, मीही त्यातलीच.

एका सोमवारी, दुकानाच्या सुटीच्या दिवशी, दिपमाला धुळ्याहून आली. घरी न जाता आधी दुकानात आली, कारण भाऊ तिथे वस्तऱ्याचा डबा धूत होते. तिने शटर पूर्ण वर केले. चेहरा उतरलेला होता. तिने सांगितले ते असे. गेल्या काही महिन्यांत तिच्या ओपीडीत शिंदखेड्याकडचे पेशंट येत होते. पाठीवर, पोटावर, मांड्यांवर ताटाएवढे नायटे. काय लावले असे विचारले की प्रत्येक जण अभिमानाने एकच नाव सांगायचा. तिच्या वडिलांचे. मास्क लावलेली समोरची डॉक्टरीणबाई भाऊंचीच मुलगी आहे हे त्या पेशंटांनी ओळखले नव्हते, आणि तिलाही ते सांगायचा धीर झाला नव्हता. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होते. ते खाज दाबते, पण नायट्याची बुरशी मारत नाही. वरून शांत दिसते, आतून ती मोकाट पसरते, आणि कातडी पातळ होत जाते.

भाऊ बराच वेळ डबा पुसत राहिले. मग चिडले. "पंधरा वरीस व्हयनात लाई ऱ्हायनू! एक बी मानूस बोंबलना नही!"

दिपमाला वाद घालत बसली नाही. तिची नजर त्यांच्या उजव्या मनगटाकडे गेली होती. भर उन्हाळ्यात भाऊंनी पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता आणि बोलता बोलता ते बाहीवरूनच हात खाजवत होते. तिने मला शटरच्या उजेडाकडे फिरवले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आबा, बठा आठे."

मित्रांनो, तीस वर्षे मी ह्या माणसाजवळ उभी आहे. त्याने मला रोज पुसले, माझे फाटलेले रेक्झिन तीनदा बदलले, माझ्या खटक्याला तेल घातले. पण तो माझ्यात एकदाही बसला नव्हता. खुर्ची गिऱ्हाइकाची, असे तो म्हणायचा. त्या दिवशी मुलीने दुसऱ्यांदा "बठा ना" म्हटले तेव्हा तो टेकला. फार हलका होता हो! मला तर कोणी बसल्यासारखे वाटलेच नाही. आणि पाठ? पाठ ताठ होती, घाबरलेल्या पोरासारखी.

"हात दखाडा," ती म्हणाली.

भाऊंनी सावकाश बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कड्यात कडे, कड्यात कडे. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झालेली. दिपमालाने तो हात दोन्ही हातांत धरला आणि लहानपणी वाकायची तशीच वाकून पाहिला.

"कधीपासून?"

"दोन वरीस."

"आणि मला सांगितलं नाही?"

भाऊ आरशात न पाहता म्हणाले, "माले वाटनं, ट्यूब चांगली शे, मनी चामडीच खराब शे."

तेव्हा कुठे ती रडली. आधी रडली, मग हसली, मग डोळे पुसून तिने औषधांची चिठ्ठी लिहिली. गोळ्या आणि मलम, आणि बरे वाटले तरी तिने सांगितल्याशिवाय काही बंद करायचे नाही. टॉवेल प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा, धुऊन कडक उन्हात वाळवलेला. भाऊ शाळकरी मुलासारखे हो हो म्हणत होते. शेवटी तिने विचारले, "आणि गावाला काय सांगणार?" भाऊंनी बाही पुन्हा खाली ओढली. ती संध्याकाळच्या बसने धुळ्याला परत गेली.

मंगळवार उजाडला. दुकान भरले. मला भारी काळजी लागली होती. कारण गावात एवढे नाव कमावलेला माणूस भर दुकानात आपले नाव कसे मोडेल? मला स्वतःचीही भीती होतीच. उद्या लोक म्हणतील, ह्या खुर्चीतूनच नायटा पसरला, द्या हिला भंगारात!

जुने गिऱ्हाईक जीवरामनाना माझ्यात बसले. दाढी झाली. नानांनी सवयीने मान पुढे केली. "भाऊ, ती ट्यूब लाव ना. दोन दिनमा खाज पळी जास."

भाऊंनी खण उघडला. ट्यूब हातात घेतली. आणि सगळ्यांसमोर ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग बाही वर केली. "हाई देख नाना. दोन वरीस मी बी तीच लायी. मनी चूक व्हयनी. मी डॉक्टर नही शे, तरी तुमले औषध लावत ऱ्हायनू."

नानांनी भाऊंचा हात पाहिला, आपली मान चाचपली. "मंग आते काय लाऊ?"

"काही लाऊ नको. धुळाले जा. मनी आंडेर शे तठे."

"हा, तुनी आंडेर!" नाना उठून उभे राहिले. "मंग आधीच तठे धाडनं ना राजा! आमले काय काळजी!" आणि बाकावरचे चार जण एकदम आपापल्या बाह्या, कॉलरी, पँटचे पाय वर करून भाऊंना दाखवायला लागले. इतकी वर्षे झाकून ठेवलेले सगळे बाहेर आले! भाऊ एकेकाला चिठ्ठीवर ओपीडीचा वार लिहून देत होते आणि त्यांचा आवाज मोठा होत चालला होता. आनंदाने माझ्या अंगावर शहारा आला. रेक्झिनला येतो तेवढा.

मित्रांनो, अंगावर खाजरा डाग उठला तर तो चोरीचा माल नाही. झाकू नका, लाजू नका, शेजाऱ्याची ट्यूब उसनी आणू नका. दाखवा. भाऊंच्या स्वतःच्या घरात त्वचारोगाची डॉक्टर होती आणि तरी ते दोन वर्षे बाही खाली ओढत राहिले. आता ते अर्ध्या बाह्यांचा सदरा घालतात.